आधी बचत, मग कर्ज

मागच्या वेळी आपण १८७५ च्या दख्खनच्या दंग्यापाशी थांबलो होतो. सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा. आणि १९५४ साली ग्रामीण पतपाहणीचा अहवाल आला तेव्हा काय दिसलं? शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के, सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास. वह्या जळाल्या, सावकार राहिला.

का राहिला? एक कारण सरळ आहे. तो हाकेच्या अंतरावर असतो आणि अडीनडीला लगेच पैसे देतो. दुसऱ्या कारणाकडे आपलं लक्ष कमी जातं. गरिबाला कर्ज कसं द्यायचं, हे सगळ्यांनी विचारलं. त्याचे दहा रुपये सुरक्षित कुठे ठेवायचे, हे फार थोड्यांनी विचारलं.

हा प्रश्न बायकांनी विचारला. १९७४ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेतल्या सुमारे ४,००० कष्टकरी बायकांनी प्रत्येकी १० रुपये भांडवल घालून स्वतःची सहकारी बँक काढली. बहुतेकींना सही येत नव्हती, म्हणून ओळखीसाठी पासबुकावर फोटो आला.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला हेच पुन्हा घडलं. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला बचत खातं उघडायचं होतं. रक्कम किरकोळ म्हणून बँकेने नाही म्हटलं. चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं, तर रिझर्व्ह बँकेने आधी अर्ज नाकारला, कारण सभासद निरक्षर. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही यंत्राशिवाय काढून दाखवावं! १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली.

आता हिशेब पाहू. दारोदार जाऊन छोट्या रकमा गोळा करणं महाग पडतं. तो खर्च व्याजातूनच निघायला हवा. पण ठेवी सभासदांच्याच असल्या की बँक अनुदानावर लटकत नाही, आणि नियमित बचत हीच कर्जदाराची ओळख ठरते. शिवाय कर्ज बुडालं तर शेजारणीचे पैसे बुडतात, हे प्रत्येकीला ठाऊक असतं.

सुप्याच्या वह्या सावकाराच्या हातात होत्या. हे पासबुक बाईच्या स्वतःच्या हातात आहे. सव्वाशे वर्षांतला खरा फरक आपल्याला इथे दिसतो.