दोन आकड्यांची गोष्ट

दरवर्षी जूनमध्ये माझ्या वर्गात एक प्रसंग ठरलेला. मी म्हणतो, "पान ३२ काढा." मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, मेरे में ये नहीं है. ये आपा की किताब है." मग मी ते पुस्तक हातात घेतो आणि आतलं पान उघडतो. तिथं 'पुनर्मुद्रण' असं असेल तर घाबरायचं कारण नाही. एखादी शुद्धलेखनाची चूक दुरुस्त झाली असेल, पण पानं तीच असतात, पोरगं नीट पाहत नसतं. मात्र अभ्यासक्रम बदलून 'प्रथमावृत्ती' नव्यानं निघाली असेल, तर आपाचं पुस्तक कितीही जपून ठेवलेलं असलं तरी उपयोगाचं नाही.

पुस्तकावरचे हे दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिला म्हणतो, "पुन्हा छापलं." दुसरा म्हणतो, "जुन्यावर आता विसंबू नका." संगणकाच्या जगाला हा फरक शिकायला बराच काळ लागला. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आपण वापरतो तो प्रत्येक प्रोग्रॅम सगळी कामं स्वतः करत नाही. फाइल उघडणं, अक्षर दाखवणं अशी रोजची कामं एका सामायिक संचात ठेवलेली असतात. त्याला शेअर्ड लायब्ररी म्हणतात. मोहल्ल्यातल्या विहिरीसारखी. विहीर एक, पाणी भरणारी घरं शंभर. फायदा उघड आहे, दुरुस्ती एकदाच करावी लागते. धोकाही तितकाच उघड आहे. विहिरीत काही बिघडलं तर शंभर घरांत बिघडतं.

१९८८ साली सन कंपनीच्या सनओएस ४.० मध्ये अशा लायब्ररी आल्या, तेव्हा फाइलच्या नावातच दोन आकडे होते. नुसती भर पडली तर दुसरा आकडा वाढवायचा. जुने प्रोग्रॅम चालणार नाहीत असा बदल झाला तर पहिला. म्हणजे पहिला आकडा बदलणं ही एक कबुलीच होती : "आम्ही जुना वायदा मोडतो आहोत."

लिनक्समध्ये ही कबुली फार महागात पडली. तिथल्या सर्वांत मूलभूत लायब्ररीचं, म्हणजे सी लायब्ररीचं, नाव पाचव्या आकड्यावर होतं. १९९७ मध्ये तिच्या जागी ग्नू प्रकल्पाची ग्लिबसी २.० येऊ लागली. जुन्याशी तिचं जमत नव्हतं, म्हणून फाइलच्या नावात सहा आला. प्रकल्पाची आवृत्ती दोन, फाइलवर सहा! रेड हॅटनं १९९७ च्या अखेरीस आणि डेबियननं १९९८ मध्ये हे स्थलांतर केलं. जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम नव्यानं बांधावा लागला.

त्या त्रासातून शहाणपण आलं. ग्लिबसी २.१ पासून लायब्ररीतल्या एकेका कामावर आवृत्तीची चिठ्ठी लावली जाऊ लागली. जुन्या प्रोग्रॅमला जुनं काम, नव्याला नवं, आणि दोन्ही एकाच फाइलमध्ये. प्रकल्प २.४० च्या पुढे गेला, पण फाइलवर अजून सहाच आहे.

तरी परीक्षेची वेळ आलीच. २०१० मध्ये फेडोरा १४ वर फ्लॅशमधला आवाज बिघडला. कारण लहानसं होतं. स्मृतीतला मजकूर एका जागेहून दुसरीकडे नेण्याचं काम अधिक वेगवान करताना त्याचा क्रम बदलला होता. मूळ आणि नवी जागा एकमेकींवर आल्या तर हे काम वापरू नये, असं नियम स्पष्ट सांगतो. फ्लॅशनं नेमका तोच नियम मोडला होता. लायब्ररीवाले म्हणाले, चूक आमची नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांचं म्हणणं वेगळं होतं : नियमाचं राहू द्या, काल जे चालत होतं ते आज लोकांकडे चालत नाही, हे खरं. शेवटी २०११ च्या २.१४ आवृत्तीत तोडगा निघाला. जुन्या प्रोग्रॅमना जुनी, सुरक्षित चाल मिळाली आणि नव्यांना नवी.

मला या वादात दोन्ही बाजू पटतात. पण शिक्षक म्हणून माझा कल टॉरवाल्ड्स यांच्याकडे झुकतो. नियम पोराला माहीत नव्हता, म्हणून त्याचं वर्ष वाया जाऊ द्यायचं का?

मग प्रश्न उरतो, दोन आकडे वेगळे कशाला? प्रकल्पाची आवृत्ती माणसांसाठी असते. काय नवं आलं, केव्हा आलं, हे ती सांगते. लायब्ररीचा आकडा यंत्रासाठी असतो. त्याला एकच विचारायचं असतं : माझ्या भरवशावर बांधलेलं अजून उभं राहील ना? म्हणूनच लायब्ररी बांधणाऱ्या लिबटूल या साधनाची पुस्तिका बजावते, की हे दोन आकडे जुळवायच्या फंदात पडू नका. बदल नुसता भर घालणारा असेल, तर प्रकल्पानं खुशाल नवी आवृत्ती मिरवावी, लायब्ररीचा मुख्य आकडा हलवू नये.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या रोजच्या वापरात आहे. हर्फबझ नावाची एक लायब्ररी आहे. इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद एस्फहबोद यांनी ती घडवली. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुलं. अक्षरं एकमेकांना कशी जोडायची, हे ती ठरवते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळे तिच्यावर विसंबतात. नस्तालीकमधलं तिरकं उतरणारं उर्दू आणि देवनागरीतली जोडाक्षरं, दोन्ही तीच मांडते. २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती आली आणि आता ती दहाच्याही पुढे गेली आहे. पण लिनक्सवर तिच्या फाइलच्या नावात आकडा कोणता? शून्य. इतक्या आवृत्त्या आल्या, पण जुन्यांचा हात सोडायची वेळ येऊ दिली नाही.

मी एका तासाला उर्दू शिकवतो, दुसऱ्याला मराठी. दोन्ही भाषांची अक्षरं माझ्या फोनवर नीट उमटतात, त्यामागे त्या शून्याचाही हात आहे. ज्यांच्यावर लोक विसंबतात, त्यांनी सुधारणा जरूर करावी. फक्त आपाचं पुस्तक घेऊन येणारं एक पोर मागच्या बाकावर बसलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवावं.