फ्रीजर, मिक्सर आणि धुऱ्यावरचं सीताफळ

मंडळी, या वीकांताचा विषय खायचा आहे, पण लेख इतिहासाचा. त्यामुळे रेसिपी हवी असेल तर शेवटपर्यंत दम धरावा लागेल :)

घरी फळाची सॉफ्टी करायला आज काय लागतं? फळाचा गर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, सकाळी मिक्सरमधून फिरवायचा. झालं. दूध नको, क्रीम नको, वेगळं मशीन नको. मग इतकी सोपी गोष्ट आपल्या आज्यांनी का केली नाही? आमच्या भंडाऱ्याकडे दसरा-दिवाळीला सीताफळांना तोटा नव्हता. रानात होती, शेताच्या धुऱ्यांवर होती. तोटा होता तो गारव्याचा. म्हणून आधी गारव्याची गोष्ट.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'मध्ये पाणी गार करायची कृती दिली आहे. सोरा पाण्यात विरघळवायचा आणि पिण्याच्या पाण्याचं भांडं त्यात पाव तास हलवत राहायचं. सोरा विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. बंदुकीच्या दारूत भडका उडवणारा पदार्थ इथे गारवा देतो, ही गंमत अबुल फजललाही जाणवली होती. पुढे १५८६ पासून दरबार लाहोरला असताना उत्तरेच्या डोंगरांतला बर्फ यायला लागला. अर्थात ही सोय बादशहाची आणि त्याच्या आसपासच्यांची. बाकीच्यांना माठ.

नंतर बर्फ विकत मिळायला लागला. १२ मे १८३३ रोजी 'टस्कनी' नावाचं जहाज बॉस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला पोचलं. चार महिन्यांच्या प्रवासात विषुववृत्त दोनदा ओलांडूनही त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता! धंदा फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा आणि माल म्हणजे हिवाळ्यात गोठलेली अमेरिकेतली तळी. लवकरच बर्फ मुंबईतही आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि नंतर यजमान-पाहुणे सगळेच सर्दीने बेजार झाले, असं सांगतात. १८७८ साली कलकत्त्यात बर्फाचा कारखाना निघाल्यावर हा समुद्रापलीकडचा बर्फ हळूहळू बंद पडला.

पण नुसत्या बर्फाने आइस्क्रीम होत नाही. बर्फ शून्य अंशावर असतो आणि साखर असलेलं मिश्रण त्याच्या खाली गोठतं. इथे मीठ कामाला येतं. बर्फात साधारण २३ टक्के मीठ असेल तर तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये हँडल फिरवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आपल्याकडचा आइस्क्रीमचा पॉट त्याच कुळातला. लाकडी बादली, मध्ये डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. हँडल घरातल्या पोरांनी आळीपाळीने फिरवायचं.

फिरवायचं कशासाठी? पाणी स्वस्थ गोठलं की बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ते जिभेला रेतीसारखे लागतात. स्फटिक साधारण ५० मायक्रॉनच्या आत राहिले तर जीभ त्याला मऊ म्हणते. पॉटमध्ये आतलं पातं डब्याच्या कडेला धरलेला बर्फ सतत खरवडत राहतं. म्हणजे गोठवणं आणि घुसळणं एकाच वेळी चालतं.

फळाच्या सॉफ्टीत हा क्रम उलटा होतो, आणि मला वाटतं सगळी मेख इथेच आहे. आधी पूर्ण गोठवायचं आणि मग स्फटिक फोडायचे. त्यासाठी उणे १८ अंशांवर स्थिर राहणारा फ्रीजर लागतो आणि गोठलेल्या गराशी झुंजणारी मोटर लागते. गोदरेजने फ्रीज आणला १९५८ साली. १९६३ मध्ये मुंबईत सत्यप्रकाश आणि माधुरी माथुर यांनी 'सुमीत' मिक्सर काढला, कारण परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टेकीला यायचे. इडली-डोशाच्या पिठासाठी आणि चटणीसाठी केलेली ती दणकट मोटर सॉफ्टीलाही चालते.

आता सीताफळ. हे फळ मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतलं, पण आमच्याकडे इतकं रुळलंय की झाडीबोलीत त्याचं 'सीताफर' झालं. त्याची अडचण अशी की ते झाडावरून उतरवलं की दोन-तीन दिवसांत पिकतं आणि लगेच फुटायला लागतं. अख्खं फळ फ्रीजमध्ये ठेवलं तर साल काळी पडते. आंब्याची पोळी घालता येते, मोहफुलं वाळवता येतात. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, त्यामुळे जॅमचाही रस्ता बंद. बासुंदीतसुद्धा तो शेवटी, बासुंदी गार झाल्यावर घालतात. थोडक्यात, या फळाला टिकवायचा एकच चांगला मार्ग आहे आणि तो म्हणजे थंडी. १९८४ साली जुहूला सुरू झालेल्या 'नॅचरल्स'ने सीताफळाचं आइस्क्रीम मुंबईत लोकप्रिय केलं. आमच्याकडे मात्र बाया टोपल्या घेऊन पहाटे बाजार गाठायच्या आणि संध्याकाळी उरलेला माल मिळेल त्या भावाला द्यायच्या. कारण उद्या तो विकला जाणार नव्हता.

फ्रीज घरात आला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. २००५ नंतरची काही वर्षं मला आठवतात. लोडशेडिंगमध्ये आमच्या गावात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसायची. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात कोराडीला आणि खापरखेड्याला वीज तयार व्हायची आणि मामाच्या फ्रीजमध्ये मामी चपला सोडून काहीही ठेवायची! गर अर्धवट वितळून पुन्हा गोठला की स्फटिक वाढतात आणि पुढे मिक्सरही त्याला वाचवू शकत नाही. म्हणून मला ही सॉफ्टी म्हणजे विजेचं मीटर वाटते. ती मऊ झाली तर समजावं की रात्रभर लाइट होती. आता मामी हंगामात गराचे डबे भरून ठेवते आणि होळीला सीताफळ खाऊ घालते. आजीच्या हयातीत हे कधी शक्य नव्हतं.

असो. रेसिपी.

पिकलेल्या सीताफळाचा गर काढा. बी एकूण एक वेगळी करा. हे गंमत म्हणून सांगत नाहीये. बी विषारी असते, उवा मारायला तिची पूड वापरतात आणि ती डोळ्यात गेली तर इजा होते. फुटलेली बी पोटात जाता कामा नये. गर ताटलीत पातळ पसरून गोठवा, म्हणजे लवकर गोठेल आणि तुकडे पाडता येतील. सोबत एका केळ्याच्या चकत्याही गोठवा. केळ्याने मऊपणा येतो. सकाळी पाच मिनिटं बाहेर ठेवा, मग मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, मध्ये चमच्याने खाली ढकला. साखर नको, फळातली पुरते, आणि त्या साखरेमुळेच गर दगडासारखा होत नाही.

लगेच खा. पाहुण्यांची वाट बघत बसू नका, ही सॉफ्टी थांबत नाही.