वाटसरूंसाठी केलेला उपाय

गुलाबाच्या छाटणीनंतर कापावर आपण बोर्डो पेस्ट लावतो. हे औषध निघाले ते द्राक्षाच्या बागेतून. फ्रान्समधील बोर्डो भागात वाटसरू रस्त्याकडेची द्राक्षे तोडून खात. त्यांनी हात लावू नये म्हणून बागाईतदार कडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. १८८२ साली प्रा. मिलार्दे यांनी पाहिले, की केवडा रोगाने बाकीच्या वेलींची पाने गळाली, पण कडेच्या वेली हिरव्या राहिल्या. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली हे मिश्रण जाहीर केले.

तेव्हा आधी निरीक्षण, मग औषध. गुलाबाच्या पानावर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. तिच्यावर गंधक चालते. काळे ठिपके पडून पाने पिवळी होत असतील, तर गळलेली पाने वेचून जाळा. फांदी शेंड्याकडून काळी पडत वाळली, तर तो शेंडेमर रोग. हयगय केली तर झाडच जाते. फांदी खाली हिरव्या भागापर्यंत छाटा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी यांची पेस्ट कापावर लावा. लोखंडी भांडे वापरू नका. पेस्ट त्याच दिवशी संपवा.