ग्रेग जीन : अंतराळयानांचे शिल्पकार
अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील कारागीर ग्रेग जीन (१९४५-२०२२) यांनी विज्ञानपटांसाठी अंतराळयानांच्या लघुप्रतिकृती घडवल्या. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) या चित्रपटातील अजस्र मातृयान त्यांच्या देखरेखीखाली साकारले. प्रत्यक्षात खोलीत मावणाऱ्या या यानावर इवलीशी टपालपेटी, मोटार व दफनभूमीही दडलेली आहे. ही प्रतिकृती आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. या कामासाठी व ‘१९४१’ (१९७९) या चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर नामांकन मिळाले. चित्रीकरण संपताच अशा प्रतिकृती अनेकदा टाकून दिल्या जात. जीन यांनी मात्र इतरांनी घडवलेल्या प्रतिकृतीही जपल्या. त्यांच्या संग्रहातील ‘स्टार वॉर्स’मधील यानाची प्रतिकृती २०२३ मध्ये लिलावात ३१ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली.