शनिवारचा एक फोन

या विकांताला किल्ले नाहीत, लढाया नाहीत. इतिहास आहे, पण एका हॉटेलच्या लॉबीतला.

निमित्त मित्राचं. कॉलेजात चार वर्षं रूममेट, आता पुण्यातच असतो. त्याचं पिणं 'पार्टीपुरतं' राहिलं नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही त्यावर विनोद करायचो. मग त्याची नोकरी गेली. रात्री-अपरात्री फोन यायला लागले आणि मी, खरं सांगतो, मोबाईल सायलेंटवर टाकून झोपायला लागलो. एके दिवशी मात्र भर दुपारी, शुद्धीत फोन आला. "शनिवारी एएची मीटिंग आहे रे. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलोय. येतोस का बरोबर?"

हो म्हणालो. आणि सवयीप्रमाणे आधी वाचत बसलो, की ही अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस नावाची भानगड सुरू तरी कशी झाली?

अमेरिका, महामंदीचा काळ. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला हुशार माणूस, दारूपायी पार धुळीला मिळालेला. डिसेंबर १९३४ मध्ये तो शेवटचा हॉस्पिटलात गेला आणि नंतर प्यायला नाही. बाहेर आल्यावर गडी सुटलाच. दिसेल त्या दारुड्याला धरून उपदेश! पाच-सहा महिन्यांचा निकाल? शून्य. एकही जण सुधारला नाही. बायको लोइस म्हणाली, पण तू तर प्यायला नाहीस ना? आणि त्याचे डॉक्टर सिल्कवर्थ यांनी सल्ला दिला की प्रवचनं बंद कर, आधी हा आजार काय आहे ते सांग.

मे १९३५ मध्ये बिल एका कंपनीच्या ताब्याच्या लढाईसाठी ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी गेला. डाव फसला. शनिवार, ११ मे. मेफ्लॉवर हॉटेलची लॉबी. खिशात जेमतेम पैसे, ओळखीचं कुणी नाही. एका बाजूला बारमधले हसण्याखिदळण्याचे आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी.

त्याने फोन उचलला. एका पाद्रीबाबांकडे मागणी काय केली असेल? मला वाचवा, असं नाही. मला बोलायला एखादा दारुडा हवाय! मी इथे वाचता वाचता थांबलो. आपण समजतो की मदत करणारा वर आणि घेणारा खाली. इथे मदत करायला मिळावी म्हणूनच माणूस धडपडतोय.

एका नावावरून दुसरं, असं करत फोन हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. त्यांच्या माहितीत होते डॉ. बॉब स्मिथ, गावातले सर्जन. त्या दिवशी ते घरी पिऊन आडवे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला आले, पंधरा मिनिटंच थांबेन या अटीवर. बोलणं सहा तासांच्या वर चाललं. उपदेश त्यांनी पुष्कळ ऐकले होते. स्वतः भोगलेला माणूस पहिल्यांदाच समोर बसला होता.

लगेच सगळं गोड झालं नाही. बॉब एका परिषदेला गेले आणि झिंगूनच परतले. शेवटची बिअर तर बिलनेच दिली, ऑपरेशनआधी हात स्थिर व्हावेत म्हणून! तो दिवस १० जून १९३५. हाच एएचा वाढदिवस. मग दोघं हॉस्पिटलात तिसरा शोधायला गेले. तिथे एक वकील सापडला.

१९३९ मध्ये पुस्तक निघालं. १९४१ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'मध्ये लेख आला आणि वर्षभरात सभासद दोन हजारांचे आठ हजार झाले. १९५७ मध्ये एए मुंबईत पोचलं. फी नाही, बाहेरची देणगी नाही, हुकूम सोडणारा साहेब नाही; ओपन सोर्सवाल्यांनी हेवा करावा असा कारभार. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास तपासले. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एए आणि त्याकडे वळवणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस दिसले. अर्थात, खूप पिणाऱ्याने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, तिथे डॉक्टर हवाच. आपल्या पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहेच.

तर शनिवार. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, चहा. ओपन मीटिंग होती म्हणून मलाही बसता आलं. तिथे ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून सांगत नाही. मित्र तासभर गप्प होता. निघताना गेटपाशी एका साठीच्या काकांनी चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. मित्राला आणि काकांना विचारूनच लिहितोय. "प्यावंसं वाटलं की आधी मला फोन. रात्रीचे तीन वाजले तरी. अरे, मलाही गरज असतेच की."

सात आठवडे झाले. मध्ये एकदा घसरला, पण पुढच्या शनिवारी परत गेला. माझा मोबाईल आता रात्री सायलेंटवर नसतो. फोन मात्र येत नाही, तो काकांकडे जातो.

असो.