ऑल-व्हील ड्राइव्ह मोटारींच्या शक्तिसंक्रमण यंत्रणेतील तेलबदल

ऑल-व्हील ड्राइव्ह मोटारींच्या शक्तिसंक्रमण यंत्रणेतील तेलबदल हे गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढील व मागील डिफरन्शिअल आणि त्यांना जोडणारे क्लच यांतील जुने वंगणतेल काढून त्या जागी ठरवून दिलेल्या प्रतीचे नवे तेल भरण्याचे देखभालीचे काम आहे. एंजिनचे तेल बदलण्याची सवय बहुतेक वाहनधारकांना असते. परंतु एंजिनच्या पुढे चाकांपर्यंत शक्ती पोहोचवणाऱ्या भागांतील तेल वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहते. केवळ दोन चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारीत असे एक किंवा दोन तेलसाठे असतात, तर ऑल-व्हील ड्राइव्ह मोटारीत त्यांची संख्या तीन ते पाचपर्यंत जाते. प्रत्येक साठ्याचे तेल निराळे असू शकते आणि एकाचे तेल दुसऱ्यात भरल्यास महागडे भाग निकामी होतात. त्यामुळे या कामात कोणते तेल कोठे जाते याचे ज्ञान सर्वांत महत्त्वाचे ठरते.

## पार्श्वभूमी

चारही चाकांना शक्ती देण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. नेदरलँड्समधील स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये अशी एक शर्यतीची मोटार तयार केली होती. दुसऱ्या महायुद्धातील जीपमुळे ही रचना जगभर पोहोचली. मात्र जीप किंवा भारतातील मारुती जिप्सी यांसारख्या वाहनांत पुढची चाके चालक गरजेपुरती जोडतो. याला पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात.

चारही चाकांना सतत किंवा आपोआप शक्ती देणाऱ्या रस्त्यावरील मोटारी नंतर आल्या. १९६६ ची ब्रिटिश जेन्सन एफएफ, १९७० ची रेंज रोव्हर, अमेरिकन मोटर्सची ईगल आणि १९८० मध्ये जिनिव्हा येथे सादर झालेली आउडी क्वाट्रो हे त्यांतील महत्त्वाचे टप्पे होत. महाराष्ट्रातही अशा मोटारींचे उत्पादन होते. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होणाऱ्या जीप कंपास आणि चाकण येथे तयार झालेल्या महिंद्रा एक्सयूव्ही७०० या मोटारींच्या काही आवृत्त्यांत ऑल-व्हील ड्राइव्ह दिलेली आहे.

## यंत्रणेचे भाग आणि त्यांतील तेल

### गिअरबॉक्स

हाताने गिअर बदलण्याच्या गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल वापरले जाते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये सामान्यतः लाल रंगाचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड असते. ते वंगणाबरोबरच दाब वाहून नेण्याचे, उष्णता काढून घेण्याचे आणि आतील क्लचपट्ट्यांची पकड नेमकी राखण्याचे कामही करते. सीव्हीटी प्रकारच्या गिअरबॉक्सचे तेल पुन्हा वेगळे असते, कारण त्यात साखळी किंवा पट्टा आणि कप्पी यांमध्ये पुरेसे घर्षण टिकवावे लागते.

### ट्रान्सफर केस व मध्य डिफरन्शिअल

पुढील व मागील चाकांमध्ये शक्तीची विभागणी येथे होते. वळण घेताना पुढील चाकांना मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते. हा फरक सामावून घेण्यासाठी मध्य डिफरन्शिअल किंवा घसरू शकणारा क्लच आवश्यक असतो. काही मोटारींत येथे गिअर ऑइल, तर काहींत ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड भरतात.

### पुढील व मागील डिफरन्शिअल

डिफरन्शिअलमधील क्राउन व पिनियन ही दंतचक्रे बहुधा हायपॉइड प्रकारची असतात. त्यांत पिनियनचा अक्ष क्राउनच्या अक्षाच्या खाली किंवा वर सरकवलेला असतो, त्यामुळे दाते एकमेकांवर फिरण्याबरोबरच घासत सरकतात. या घर्षणात साध्या तेलाचा थर तुटतो. म्हणून हायपॉइड गिअरच्या तेलात गंधक व फॉस्फरसयुक्त संयुगे मिसळतात. उच्च दाब व तापमानात ही संयुगे पोलादाच्या पृष्ठभागाशी अभिक्रिया करून संरक्षक पापुद्रा तयार करतात. गिअर ऑइलचा उग्र वास या गंधकाचाच असतो.

### जोडणारा क्लच

अनेक आधुनिक मोटारींत मागील डिफरन्शिअलच्या पुढे संगणकनियंत्रित बहुपट्टी क्लच बसवलेला असतो. मूळच्या स्वीडिश हॅल्डेक्स कंपनीने विकसित केलेला क्लच यांपैकी सर्वपरिचित आहे. त्याचे तेल डिफरन्शिअलच्या तेलापासून वेगळ्या कप्प्यात असते. क्लचपट्ट्यांची झीज त्यात मिसळून पंपाची बारीक जाळी तुंबते; मग पंपाचा दाब कमी पडतो आणि मागील चाकांना शक्ती मिळेनाशी होते. चालकाला याची जाणीव बहुधा निसरड्या रस्त्यावर, म्हणजे नेमकी गरज असतानाच होते.

काही मोटारींत व्हिस्कस कपलिंग हे वेगळे साधन असते. त्यात सिलिकॉन द्रव कायमचा बंद केलेला असतो. हा द्रव बदलता येत नाही. दोष निर्माण झाल्यास संपूर्ण भाग बदलावा लागतो.

## तेलाची प्रतवारी

गिअर ऑइलच्या डब्यावर दोन खुणा महत्त्वाच्या असतात.

पहिली खूण श्यानतेची, म्हणजे दाटपणाची असते. एसएई ७५डब्ल्यू-९० या खुणेतील पहिला आकडा थंडीतील आणि दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसवरील वर्तन दाखवतो. गिअर ऑइल आणि एंजिन ऑइल यांचे आकडे वेगवेगळ्या मापनश्रेणींतील आहेत. त्यामुळे ९० क्रमांकाचे गिअर ऑइल ४० क्रमांकाच्या एंजिन ऑइलपेक्षा दुपटीहून दाट असते, हा समज चुकीचा आहे. १०० अंश सेल्सिअसवर दोहोंची श्यानता बरीच जवळपास असते.

दुसरी खूण अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गाची असते. जीएल-४ वर्गाच्या तेलात उच्च दाब सोसणारी संयुगे कमी, तर जीएल-५ वर्गात अधिक असतात. हायपॉइड डिफरन्शिअलला जीएल-५ लागते. मात्र काही जीएल-५ तेलांतील संयुगे गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोनायझर कड्यांना मारक ठरतात किंवा त्यांची पकड कमी करतात, त्यामुळे गिअर टाकताना खरखर होते. म्हणूनच मोठा आकडा म्हणजे अधिक चांगले तेल, असा निष्कर्ष येथे लागू पडत नाही. ज्या भागासाठी उत्पादकाने जो वर्ग सांगितला आहे, तोच योग्य असतो.

लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअलमध्ये क्लचपट्ट्या असल्यास तेलात घर्षण-नियामक द्रव्य असावे लागते. ते नसल्यास तीव्र वळणावर मागून थरथर व कडकड असा आवाज येतो. पूर्वी अशा द्रव्यांसाठी आणि स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जात असे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेने त्यावर बंदी घातल्यावर कृत्रिम पर्याय पुढे आले.

## तेल खराब होण्याची कारणे

- उष्णतेमुळे तेलाचे ऑक्सिडीकरण होते आणि ते काळपट होते.
- दात्यांच्या दाबाखाली तेलातील लांब रेणू तुटतात व श्यानता घटते.
- दंतचक्रे व बेअरिंग यांच्या झिजेतून आलेला धातूचा बारीक कीस तेलात फिरत राहून पुढील झीज वाढवतो.
- हवा ये-जा करण्याच्या नळीतून किंवा जुन्या ऑइल सीलमधून पाणी शिरते.

यांतील शेवटचे कारण पावसाळ्यात विशेष महत्त्वाचे असते. तापलेले डिफरन्शिअल साचलेल्या पाण्यात बुडाले की आतील हवा झपाट्याने थंड होऊन आकुंचन पावते आणि पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेले तेल दुधाळ किंवा कॉफीसारखे दिसते. असे तेल किलोमीटरची वाट न पाहता बदलावे लागते, अन्यथा बेअरिंग गंजतात.

## बदलण्याचा कालावधी

कालावधी मोटारीनुसार वेगळा असतो आणि तो मालकपुस्तिकेत दिलेला असतो. डिफरन्शिअल व गिअरबॉक्ससाठी अनेक पुस्तिकांत ५०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यानचा आकडा आढळतो. ट्रेलर ओढणे, घाटातील सततची चढण, पाण्यातून जाणे किंवा वाळूतील वापर यांसाठी तो कमी केला जातो.

काही मोटारउत्पादक गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभरासाठी असल्याचे सांगतात. येथे आयुष्य या शब्दाचा अर्थ संदिग्ध राहतो. अनेक मोटारींना स्वयंचलित गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र आपल्या गिअरबॉक्सचे तेल वापरानुसार सुमारे ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरनंतर किंवा आठ वर्षांनी बदलण्याची शिफारस करते.

## कार्यपद्धती

1. थोडे अंतर मोटार चालवून तेल कोमट केले जाते. कोमट तेल पातळ होऊन साचलेल्या किसासह बाहेर येते.
2. मोटार सपाट जागी समतल उचलली जाते. एकच टोक उचलल्यास तेलाची पातळी चुकीची दिसते. मोटार केवळ जॅकवर असताना तिच्याखाली जाणे जीवघेणे ठरू शकते. मजबूत स्टँड किंवा गॅरेजमधील लिफ्ट आवश्यक असते.
3. प्रथम तेल भरण्याचा वरचा प्लग उघडला जातो. हा क्रम महत्त्वाचा आहे. वरचा प्लग गंजून अडकलेला असेल आणि खालच्या प्लगमधून तेल आधीच काढले गेले असेल, तर नवे तेल भरता येत नाही आणि मोटार हलवताही येत नाही.
4. त्यानंतर खालचा ड्रेन प्लग काढून तेल भांड्यात गोळा केले जाते. किती तेल निघाले याची नोंद ठेवल्यास पूर्वीची गळती किंवा अपुरा भरणा लक्षात येतो.
5. प्लगवरील चुंबक तपासला जातो. त्यावर राखाडी रंगाचा मऊ लेप असणे ही नेहमीची झीज होय. बोटाला टोचणारे तुकडे किंवा दात्याचा भाग आढळल्यास तेल बदलून भागत नाही, तो भाग उघडून पाहावा लागतो.
6. चुंबक पुसून, नवा वायसर घालून ड्रेन प्लग ठरलेल्या टॉर्कने आवळला जातो. ॲल्युमिनियमच्या आवरणातील आटे जास्त जोर दिल्यास निघून येतात.
7. हातपंपाने किंवा नळी लावलेल्या नरसाळ्याने नवे तेल भरले जाते. बहुतेक डिफरन्शिअलमध्ये वरच्या छिद्राच्या काठावरून तेल ओघळू लागले की पातळी पूर्ण झाली असे समजतात.
8. प्लग बसवून थोडी फेरी मारल्यावर गळती पाहिली जाते.

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये ही रीत थोडी बदलते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेचसे तेल अडकून राहते, त्यामुळे एका वेळेस संपूर्ण तेल निघत नाही. पातळीही एंजिन चालू ठेवून, तेल ठराविक तापमानाला असताना तपासावी लागते.

## उदाहरण: सुबारू

जपानी सुबारू कंपनीच्या मोटारी या विषयाचे चांगले उदाहरण ठरतात. पाच गिअरच्या मॅन्युअल आवृत्तीत गिअरबॉक्स, मध्य डिफरन्शिअल व पुढील डिफरन्शिअल एकाच आवरणात असून त्यांना सुमारे ३.५ लिटर ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल सामाईक असते. मागील डिफरन्शिअलमध्ये सुमारे ०.८ लिटर तेल स्वतंत्रपणे भरतात.

जुन्या चार गिअरच्या स्वयंचलित आवृत्तीत मात्र चित्र वेगळे आहे. गिअरबॉक्स आणि पुढील डिफरन्शिअल शेजारी असूनही त्यांची तेले अलग असतात. डिफरन्शिअलमध्ये सुमारे १.२ लिटर गिअर ऑइल, तर गिअरबॉक्समध्ये ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड असते. दोहोंसाठी स्वतंत्र डिपस्टिक व स्वतंत्र ड्रेन प्लग असतात. मागील चाकांकडे शक्ती नेणारा क्लचही गिअरबॉक्सच्याच तेलात चालतो. ते जुने झाल्यास हा क्लच सुरळीत घसरत नाही आणि जागेवर वळताना मोटार अडखळते.

जवळजवळ असलेल्या या प्लगमुळे घडणारी एक चूक सर्वज्ञात आहे. एंजिनचे तेल काढतो आहोत असे समजून पुढील डिफरन्शिअलचे किंवा गिअरबॉक्सचे तेल काढले जाते आणि एंजिनमध्ये वरून नवे तेल ओतले जाते. परिणामी एंजिनमध्ये तेल जवळपास दुप्पट आणि दुसऱ्या भागात नाहीच, अशी स्थिती होते. कोरडे पडलेले डिफरन्शिअल अल्पावधीत जळून निकामी होऊ शकते. निघालेल्या तेलाचा रंग, वास व प्रमाण पाहिल्यास ही चूक मोटार सुरू करण्यापूर्वीच लक्षात येते.

## टायरशी संबंध

चारही टायरचा परीघ सारखा नसल्यास मध्य डिफरन्शिअल किंवा क्लच सरळ रस्त्यावरही सतत घसरत राहतो, तापतो आणि तेल लवकर खराब होते. सुबारूच्या शिफारशीनुसार टायरच्या परिघातील फरक पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरच्या आत असावा. याच कारणाने बंद पडलेली ऑल-व्हील ड्राइव्ह मोटार दोन चाके जमिनीवर ठेवून ओढून नेण्यास बहुतेक उत्पादक मनाई करतात. ती सपाट ट्रकवर चढवून न्यावी लागते.

## वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेल्या तेलात धातूंचे कण व विघटित संयुगे असतात. ते गटारात किंवा जमिनीवर ओतल्यास पाणी व माती दूषित होते. भारतात घातक व इतर कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि त्याचे पुनःप्रक्रियण अधिकृत केंद्रांतच करता येते. घरी तेल बदलणाऱ्यांनी ते झाकणबंद डब्यात साठवून, इतर कोणताही द्रव न मिसळता, असे तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे देणे योग्य ठरते.

## हे सुद्धा पहा

- डिफरन्शिअल
- गिअरबॉक्स
- वंगण
- श्यानता
- फोर-व्हील ड्राइव्ह