बिनशिक्क्याचे कूपन

2001 साली संपूर्ण ग्रामीण रोजगार योजना आली. दिवसाच्या मजुरीत 5 किलो धान्य आणि किमान चतुर्थांश रोकड. महाराष्ट्रात धान्यासाठी मजुराला कूपन मिळे आणि ते रेशन दुकानात वटे. मजुराला ते पोटभर भाकरी, दुकानदाराला मात्र हिशेब: वहीत चढवा, मोजा, गठ्ठा बांधा, तहसीलला दाखवा. गठ्ठ्यात एक जरी कमी भरले तर भुर्दंड त्याच्याच माथी.

तेव्हा लोटेत एका चाचांच्या दुकानी ती वही मीच लिहीत असे. एका खालांच्या कूपनावर शिक्का नव्हता. रस्त्यावर खडी फोडताना मी त्यांना रोज पाहत होतो. तरी म्हणालो, "खाला, शिक्का आणा, मग देतो." वर्गात मी कागदाला पुरावा म्हणायला शिकवतो! खाला त्या महिन्यात परत आल्या नाहीत.